पेज पिऊन वजन उतरतंय, तर वाटीत काय हवं?

प्रश्न थोडक्यात असा: "वय ३९, उंची १५५ सेंटिमीटर. १७ वर्षांपासून टाइप १ मधुमेह, जेवणाआधी इन्सुलिन घेते. दोन घास खाल्ले की पोट तट्ट होतं. कधी कधी दुपारचं जेवण रात्री जसंच्या तसं उलटून पडतं. एंडोस्कोपीत अडथळा निघाला नाही. स्कॅनमध्ये चार तासांनंतरही २८ टक्के जेवण जठरातच होतं, म्हणून गॅस्ट्रोपॅरेसिस, म्हणजे जठर मंदावणं, असं निदान झालं. 'तेल-तूप बंद करा, हलकं खा' असं सांगितलं, ते मी इमानेइतबारे पाळते. आठ महिन्यांत वजन ५४ वरून ४५ किलोवर आलं. जिना चढताना पाय लटपटतात, केसांची गुंतवळ निघते. जास्त खाल्लं तर उलटी, नाही खाल्लं तर अशक्तपणा. कॅलरी आणि पोषण यांचा मेळ कसा घालू?"

ताई, तुमचा प्रश्न वाचून मला आधी माझीच चूक आठवली. आहारतज्ज्ञ म्हणून नोकरीला लागून दोनेक वर्षं झाली असतील. अशाच त्रासाच्या एका शिक्षकांना मी तक्ता लिहून दिला होता: पेज, मऊ भात, ताक, टोस्ट, वरणाचं पाणी. महिन्याने ते आले ते पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडून. तक्त्याबाहेरचा एक कण त्यांनी खाल्ला नव्हता. उलट्या थांबल्या होत्या आणि माणूस वाळत चालला होता. तेव्हापासून 'हलकं खा' हे दोन शब्द मी सुटे कुणाला देत नाही. हलकं म्हणजे पचायला सोपं, आणि हलकं म्हणजे आत काही नसलेलंही. रुग्ण पहिला अर्थ धरून चालतो, त्याच्या वाटीत मात्र दुसराच येऊन पडतो.

तुम्ही दिवसभराचं खाणं कळवलं आहे, त्याचा हिशेब मांडते. सकाळी बिनसाखरेचा अर्धा कप चहा आणि दोन मारी बिस्किटं, साधारण ८५ कॅलरी. अकराला वाटीभर पेज. तिच्यात तांदूळ असतो जेमतेम २० ग्रॅम, म्हणजे ७०. दुपारी मऊ भात आणि वरणाचं पाणी, १३५. चारला पुन्हा चहा आणि दोन टोस्ट, ११५. रात्री मऊ भात-ताक, १३०. मध्ये कधी अर्धं सफरचंद, ४०. झाले पावणेसहाशे. प्रथिनं मोजली तर १६-१७ ग्रॅम भरतात. तुमच्या आजच्या वजनाला, ते निदान घसरू नये म्हणून, किलोमागे ३० धरून साडेतेराशे कॅलरी आणि ५० ते ५५ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे गरजेच्या निम्म्याहून कमी अन्नावर तुम्ही आठ महिने घर चालवता आहात. पाय लटपटणारच. यात तुमचा दोष काडीचाही नाही, सांगितलेलं तुम्ही नीट पाळलंत म्हणूनच हे झालं.

आता जठरात काय बिघडलं आहे ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं पाठ करावं लागणार नाही. जठराचा वरचा भाग पिशवीसारखा सैलावून अन्न साठवतो. खालचा भाग मिनिटाला साधारण तीनदा आवळतो आणि अन्न दळतो. त्यापुढच्या दारातून लहान आतड्यात जायला घनपदार्थाचा कण एक-दोन मिलिमीटरइतका बारीक व्हावा लागतो; त्याहून मोठा कण मागे ढकलला जातो, पुन्हा दळायला. बरीच वर्षं मधुमेह असला की या हालचाली चालवणारी व्हेगस नावाची नस आणि जठराच्या भिंतीतल्या ताल धरणाऱ्या पेशी दुबळ्या होतात. जातं मंदावतं. पातळ पदार्थाला मात्र दळायची गरजच नसते, तो वरच्या पिशवीच्या दाबाने पुढे सरकतो. म्हणून ज्यांच्या पोटात पोळी चार-चार तास बसून राहते, त्यांच्यातल्या बहुतेकांना पातळ बरंच सोसतं. चार तासांनी दहा टक्क्यांपर्यंत उरलेलं चालतं. तुमचं २८ आहे. मंद आहे, ठप्प नाही. पातळ वाट तुम्हाला उघडी आहे आणि तिच्यावरूनच माल न्यायचा आहे.

त्या वाटेने नुसतं पाणी नेऊन उपयोग नाही, आणि पेज म्हणजे बरंचसं पाणीच. तुमच्या जठराला एका वेळी १५०-२०० मिली परवडतात. तेवढ्यात काय काय बसवता येईल, एवढाच खरा प्रश्न.

एक खीर सांगते, माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला मी तिच्यापासूनच सुरुवात करायला लावते. लहान बाळाला खिमट करतो तसंच करायचं, फक्त दळण आणखी बारीक. तांदूळ धुऊन, वाळवून, मंद आचेवर गुलाबी भाजा. मूगडाळ वेगळी भाजा. दीड वाटी तांदळाला एक वाटी डाळ असं मिक्सरमध्ये फिरवून मैद्याच्या चाळणीने चाळा. चाळणीवर उरेल ते पुन्हा फिरवा, तरी उरलं तर घरातल्यांच्या धिरड्यात घाला. या पिठाचे २५ ग्रॅम, म्हणजे सपाट तीन मोठे चमचे, थंड पाण्यात गुठळी न होता कालवून २०० मिली पाण्यात शिजवा. गॅस बंद करून १५ ग्रॅम बिनसायीच्या दुधाची पावडर कोमट पाण्यात घोळून घाला, वर चहाचा चमचाभर तूप, वेलची किंवा जायफळ. मीठ नको, दूध-मीठ एकत्र चालत नाही असं घरात कुणी म्हणत असेल तर तो तंटाही मिटला. या वाटीत १८५ कॅलरी आणि ९ ग्रॅम प्रथिनं आहेत. तेवढ्याच वाटीभर पेजेत ७० आणि दीड. जठरात दोन्ही जागा सारखीच अडवतात.

दुधाच्या पावडरीने पोट गुडगुडलं तर ती निम्मी करा आणि आठवड्याने वाढवा. तरी त्रास झाला तर दुधातली साखर सोसत नाही असं समजून तिच्याजागी घट्ट, ताजं दही घोटून घाला. दह्यात ती साखर थोडी कमी असते.

तुपाबद्दल तुमच्या भुवया उंचावल्या असतील. स्निग्ध पदार्थ लहान आतड्यात पोचला की तिथून जठराला 'थांब जरा' असा निरोप जातो, हे खरं आहे. म्हणूनच भजी, वडा, कट-रस्सा, मटण, तळलेले पापड बंद, आणि ते बंदच राहणार. पण वितळून पातळ पदार्थात मिसळलेलं चमचाभर तूप आणि घन पदार्थाने शोषून घेतलेलं तेल यांत फरक आहे. पहिलं बहुतेकांना सोसतं. आणि एका चमच्यात ४५ कॅलरी मिळतात, त्याही जवळजवळ जागा न अडवता. दिवसात तीन-चार चमचे असे वाटून घेतले तर दीड-पावणेदोनशे कॅलरींची सोय झाली. तूप सरसकट बंद केलं की ती भरून काढायला अडीच वाट्या पेज जास्त प्यावी लागते, आणि तुम्ही ती पिऊ शकत नाही. हा साधा हिशेब कुणी रुग्णाला करून दाखवत नाही. कोकणात-गोव्यात असाल तर नारळाचं दूध वापरा. खवलेलं खोबरं नको, त्यात चोथा असतो, गाळलेला रस चालेल. खिमटात दोन चमचे घातला की चव आणि कॅलरी दोन्ही येतात.

आता चोथ्याविषयी, कारण यात सुशिक्षित माणसंच जास्त फसतात. वर्तमानपत्रं वाचून आपण शिकलो की सालासकट खावं, कोशिंबीर खावी, मोड आलेली मटकी खावी, मैदा वाईट आणि पांढरा तांदूळ त्याहून वाईट. धडधाकट जठराला हे लागू आहे. तुमच्या जठरात हाच चोथा दळला जात नाही, साचतो, आणि कधी कधी त्याचा घट्ट गोळा बनतो. तो दुर्बिणीने फोडून काढावा लागतो, म्हणून हे गमतीत घेऊ नका. शेवग्याच्या शेंगा, संत्र्या-मोसंबीच्या फोडी, अंजीर, सालासकट सफरचंद, नारळाचा चव, मका, पालेभाजीचे देठ, अख्खे हरभरे-मटकी हे सध्या ताटाबाहेर. दुधी, लाल भोपळा, सोललेला बटाटा, गाजर शिजवून, घोटून, गाळून चालतील. पिकलेलं केळं, पपई, शिजवलेलं सोललेलं सफरचंद चालेल. आंब्याचा रस शिरा काढून दोन-तीन चमचे घ्या, साखर पाहून. हापूसच्या दिवसांत कुणाला पूर्ण मनाई करणं माझ्याच्याने होत नाही.

इसबगोल घेत असाल तर तो आजच थांबवा. मंद पोट म्हटलं की आपल्याकडे पहिला डबा त्याचाच येतो. इसबगोल पाणी पिऊन फुगतो आणि त्याचा जेलीसारखा लगदा होतो. आतड्यात पोचला तर ठीक, पण तुमच्याकडे तो जठरातच फुगून बसणार. शौचाला खडा होत असेल तर, आणि तुम्हाला तो होत असणारच, डॉक्टरांकडून पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर मागून घ्या. ती पाण्यात पूर्ण विरघळते. खालचा मार्ग तुंबलेला असला की वरचंही पोट जड राहतं, म्हणून बद्धकोष्ठाकडे कानाडोळा नको.

कोणता पदार्थ चालेल हे ओळखायला मी यादी देत नाही, चाचणी देते. पदार्थ काट्याने दाबा. पिठासारखा कुस्करला तर चालेल. दबून पुन्हा फुगला, धागा सुटला किंवा तुकडा उरला तर नाही. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१४ साली मधुमेहामुळे जठर मंदावलेल्या रुग्णांवर हेच तपासलं: एका गटाला नेहमीचा मधुमेही आहार, दुसऱ्याला असा बारीक कणांचा. बारीक कणांच्या गटात मळमळ, उलटी, पोट फुगणं स्पष्ट कमी झालं. वरणाची चाचणी तर त्याहून सोपी. शिजलेली डाळ अंगठा आणि तर्जनीत चोळा. कणी लागली तर ती कणी तुमच्या जठराला लागणार. चहाच्या गाळणीतून गाळून घ्या. मात्र वरचं पाणी ओतून घेऊ नका. डाळ घोटून, दाबून, गाळणीखाली उतरेल ते घ्या. वरणाच्या पाण्यात डाळीची चव उतरते, डाळ भांड्याच्या तळाशीच राहते.

पोळी का नको आणि तांदळाची भाकरी का चालू शकते, तेही यातच आलं. गव्हात चिकटपणा असतो, चावून चावून पोळीचा रबरी गोळा होतो. तांदळाची भाकरी कोमट दुधात कुस्करली की पाच मिनिटांत विरघळते. पाव भाकरीपासून सुरू करा. ज्वारी-बाजरीची आत्ता नको, चोथा जास्त. मांसाहार करत असाल तर ताजा बोंबील शिजला की काट्याला लागतच नाही, त्याच्या पातळ कालवणातलं मांस बिनधास्त घ्या; मटण-चिकनचे तुकडे नाहीत. अंडं चालतं: फेटून उकळत्या खिमटात धार धरून घोटायचं, एका अंड्यात ७० कॅलरी आणि ६ ग्रॅम प्रथिनं. शेंगदाण्याचं कूट चालत नाही, पण लोण्यासारखं गुळगुळीत वाटलेले दाणे चमचा-दीड चमचा दह्यात घोळून चालतात.

थोडी वेळखाऊ, पण माझ्या फार आवडीची एक युक्ती. पेजेत पीठ वाढवलं की ती डाव उभा राहील इतकी घट्ट होते, पाणी वाढवलं की पातळ होऊन पोट फुगवते. यावर उपाय धान्याच्या मोडात आहे. मोड येताना धान्यात पिष्ट तोडणारं अमायलेज तयार होतं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९८०च्या दशकात लहान मुलांच्या खिमटासाठी यावर बरंच काम झालं, कारण बाळाचं पोटही एवढंसंच असतं. घरी असं करा: नाचणी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणा, उन्हात कडकडीत वाळवा, मोड चोळून काढा आणि न भाजता दळा. भाजलं की अमायलेज मरतं, मग ते नुसतं पीठ. हे वस्त्रगाळ करून डब्यात ठेवा. मग खिमट नेहमीपेक्षा दीडपट पिठाचं, घट्ट शिजवा. गॅस बंद करून तीन-चार मिनिटं थांबा, वाफेचा पहिला लोट ओसरू द्या, आणि नाचणीच्या या पिठाचा लहान चमचा घालून ढवळत राहा. पाच मिनिटांत घट्ट गोळा ओघळायला लागतो. पहिल्यांदा करणारी प्रत्येक बाई मला हे फोन करून सांगते. पुन्हा एक उकळी आणून उतरवा, म्हणजे कच्च्या पिठाची भीती राहत नाही. तुमच्यासाठी एक सावधगिरी: पिष्ट आधीच तुटलेलं असल्याने साखर रक्तात लवकर चढते. म्हणून हे पहिल्या पंधरवड्यात नको. साखरेचा अंदाज आला की मग.

साखरेची गोष्ट तुमच्याबाबतीत सगळ्यात नाजूक आहे. तुम्ही जेवणाआधी इन्सुलिन घेता, ते तासाभरात कामाला लागतं. अन्न मात्र जठरातच बसलेलं. मग आधी साखर पडते, घाम-थरथर होते, आणि तीन-चार तासांनी अन्न उतरलं की तीच साखर वर उसळते. तुम्हाला वाटतं जेवणात चुकलं. चुकलेली असते वेळ. त्यातून चढलेली साखर जठराला आणखी मंद करते, म्हणजे फेरा पुरा झाला. इन्सुलिन जेवणानंतर घ्यायचं का, विभागून घ्यायचं का, प्रकार बदलायचा का, हे तुमच्या मधुमेहतज्ज्ञांनीच ठरवायचं. आहारवालीने त्यात नाक खुपसू नये, मीही खुपसत नाही. पण एक काम तुमचं आहे. हा नवा आहार सुरू करण्याआधी त्यांना कागद दाखवा: कोणत्या वेळी काय आणि त्यात पिष्ट किती. वरच्या खिरीत साखर घातलेली नसली तरी साधारण २५ ग्रॅम कर्बोदकं आहेत, हे त्यांना सांगा. दंडावर लावायचा, साखर मोजणारा सेन्सर दोन आठवडे परवडत असेल तर लावून घ्या, तुमचं जठर कितीला रिकामं होतं हे त्या रेषेवर दिसतं. साखर पडली तर बिस्किट खाऊ नका, ते वेळेत उतरणार नाही. ग्लुकोजची पावडर पाण्यात विरघळवून घ्या आणि पुडी पर्समध्ये ठेवा. उलट्या होत असतील त्या दिवशीही दिवसभराचं मूळ इन्सुलिन स्वतःहून बंद करायचं नाही. कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात वाढणारी आम्लं) तपासायचे आणि डॉक्टरांना फोन करायचा.

आणखी दोन रक्ततपासण्या झाल्या नसतील तर मागून घ्या: थायरॉइड आणि सिलिअ‍ॅक. टाइप १ मधुमेहासोबत हे दोन्ही आजार इतरांपेक्षा जास्त दिसतात. सिलिअ‍ॅक म्हणजे गव्हातलं ग्लूटेन आतड्याला न सोसणं. सिलिअ‍ॅक निघालाच तर तुमचे टोस्ट आणि मारी बिस्किटंच वजन खात होती असं ठरायचं. हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व हेही बघा. गोळ्या मोठ्या असतील तर त्याही जठरात पडून राहतात, पातळ औषध किंवा इंजेक्शन मिळतं का विचारा. चालू औषधांची चिठ्ठी एकदा कुणाकडून तरी वरपासून खालपर्यंत वाचून घ्या: दुखण्यासाठी ट्रामाडॉल, झोपेसाठी अ‍ॅमिट्रिप्टिलिन यांनी जठर मंदावतं. वजन आणि साखर उतरवायची सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनंही तेच करतात. तुम्हाला ती कुणी दिली नसतील, पण हे उत्तर वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला दिली असतील.

जठर हलवणाऱ्या गोळ्यांविषयी एवढंच, की आपल्याकडे डॉमपेरिडोन आणि लेव्होसल्पिराइड आम्लपित्ताच्या गोळीत जोडून सर्रास मिळतं आणि लोक वर्षानुवर्षं दुकानातून आणून खातात. पहिल्याने हृदयाच्या ठोक्यात गडबड होऊ शकते. दुसऱ्याने हातांना कंप येऊ शकतो, पाळी बिघडू शकते. त्या वाईट नाहीत. मुदत आणि मात्रा डॉक्टरांनी ठरवलेली हवी.

दिवस कसा बांधायचा? तत्त्व एकच: जठर सकाळी त्यातल्या त्यात रिकामं असतं, दिवसभर साचत जातं, म्हणून घन सकाळी आणि दिवस उतरेल तसं जेवण पातळ. सातला १५० मिली दुधात १५ ग्रॅम दूध पावडर. साडेनऊला दोन मऊ इडल्या अर्धी वाटी गाळलेल्या वरणात कुस्करून, वर चमचाभर तूप. साडेबाराला ३० ग्रॅम तांदूळ आणि १५ ग्रॅम मूगडाळीचा गुरगुट्या भात घोटून, दोन चमचे तूप, दोन मोठे चमचे घोटलेला दुधी. साडेतीनला ती खीर. सहाला दही आणि वाटलेले दाणे, पातळ करून. आठला दुधातलं नाचणीसत्व, पुन्हा पावडर घालून. सत्व गाळलेलं असतं म्हणून चोथा नाही. याची बेरीज पावणेबाराशे कॅलरी आणि ५० ग्रॅम प्रथिनं होते. आजच्या दुप्पट, आणि एकदाही ताट भरलेलं नाही. अंडं खात असाल तर एक त्यात घाला. पाणी जेवणासोबत ढसाढसा नको, मधल्या वेळात घोटघोट. सोडा, बिअर, तंबाखू यांची गोष्टच काढू नका. प्रत्येक खाण्यानंतर तासभर तरी आडवं व्हायचं नाही. दहा मिनिटं घरातल्या घरात चाला. मंद चालण्याने जठराला खरोखर मदत होते.

पण हे सगळं उद्यापासून नाही. आठ महिने इतकं कमी खाल्लेल्या शरीरात अन्न एकदम वाढवलं तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम धाडकन घसरू शकतं आणि ते जिवावर बेततं. आधी या तीन तपासण्या करून घ्या, डॉक्टर बी-१ची गोळी देतील. मग आठवड्याला १५०-२०० कॅलरी अशी चढण. पहिल्या आठवड्यात फक्त अकराच्या पेजेच्या जागी खीर आणि दुपारी वरणाच्या पाण्याऐवजी गाळलेलं वरण. दुसऱ्यात सकाळच्या चहा-बिस्किटांऐवजी दूध. चहा सोडवत नसेल तर तो दुधातच करा, मी चहा तोडायला सांगून कुणाचा दिवस बिघडवत नाही. चौथ्या-पाचव्या आठवड्यात वरचा दिवस पूर्ण बसेल, मग सातवी वाटी घालून साडेतेराशेकडे जायचं.

चतुर्थी-एकादशी करता का ते लिहिलं नाहीत. करत असाल तर सध्या देवाला उधारी सांगा. साबुदाण्याच्या खिचडीत चिकट पिष्ट, दाण्याचं कूट आणि तूप एकत्र येतं, वर दिवसभर पोट रिकामं आणि अंगात इन्सुलिन. अगदीच मन ऐकत नसेल तर वरईचं पीठ दुधात पातळ शिजवून दर अडीच तासांनी घ्या. उपास मोडत नाही आणि तुम्हीही मोडत नाही.

जिरं, ओवा, आलं, हिंग जरूर वापरा. आल्याने मळमळ कमी होते हा अनेकांचा अनुभव आहे. पण ओव्याने नस बरी होत नाही, तेव्हा काढ्याच्या पेल्यावर १५० मिलीची जागा उधळू नका. तुमच्याकडे दिवसाला अशा सहा-सातच जागा आहेत.

उलटीत रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखं काही आलं, शौच काळी झाली, दिवसभर पाणीही टिकलं नाही, किंवा साखर वारंवार ७०च्या खाली गेली, तर हे उत्तर बाजूला ठेवून सरळ रुग्णालय गाठा. आणि महिनाभर नीट करूनही काटा खालीच येत राहिला तर नाकातून लहान आतड्यापर्यंत जाणाऱ्या बारीक नळीने काही आठवडे अन्न देता येतं. ती जठराला वळसा घालून जाते. लोक नळीचं नाव काढलं की रडतात. मला मात्र ती लावून चार किलो कमावून आलेल्या आणि नंतर नळी काढून घरच्या भाकरीवर आलेल्या बायका माहीत आहेत. तुमचं वजन सहाव्या हिश्शाने उतरलं आहे, म्हणून या पर्यायाबद्दल डॉक्टरांशी आत्ताच बोलून ठेवा, गरज पडेपर्यंत थांबू नका.

एक शंभर पानी वही घ्या. डाव्या पानावर वेळ, काय, किती मिली. उजव्या पानावर दोन तासांनी पोट कसं होतं आणि साखर किती. वजन फक्त सोमवारी सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, त्याच कपड्यांत. रोज काट्यावर चढू नका, अर्धा किलो पाण्यानेच खालीवर होतं. तीन आठवड्यांनी ती वही घेऊन मधुमेहतज्ज्ञांकडे जा आणि उजवं पान त्यांच्यासमोर ठेवा. जिथे चार तासांनी साखर उसळलेली दिसेल, त्याच्या डावीकडचा पदार्थ अजून पुरेसा बारीक झालेला नाही किंवा इन्सुलिनची वेळ जुळलेली नाही. दोहोंपैकी काय, ते तो पदार्थ दुसऱ्या दिवशी गाळून पाहिला की कळेल.